आजीची कॅसेट आणि तिची डिजिटल प्रत : ध्वनिमुद्रणाचा दर्जा घरच्या घरी कसा ताडून पाहावा

खानदेशातील अनेक घरांत, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, चार-दोन कॅसेटी अजून सापडतात. त्यांत कधी कानबाई या खानदेशी लोकदेवतेच्या जागरणाची गाणी असतात, कधी गुलाबाईची, कधी गावच्या मंडळाने रात्रभर गायलेली वही (हा इकडचा एक लोकगीतप्रकार), तर कधी हळदीच्या वेळी कोणी सहज चालू ठेवलेल्या टेपरेकॉर्डरने टिपलेला आजीचा आवाज. आमच्या घरातील कॅसेट अमळनेर तालुक्यातील आमच्या गावी, श्रावणात कानबाईच्या रात्री, सेलवर चालणाऱ्या टेपरेकॉर्डरवर मुद्रित झालेली आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही ती शहरातील एका दुकानात देऊन तिची सीडी करून घेतली. ती घरी लावताच मावशीने मान हलवली आणि अहिराणीत, म्हणजे आमच्या खानदेशी बोलीत, म्हणाली, "हाऊ मायना आवाज नही शे" (हा आईचा आवाज नाही). त्या दिवशी घरातील सगळ्यांनी एकमताने ठरवून टाकले की डिजिटलमध्ये जीव नसतो. पुढे मी स्वतः ती कॅसेट नीट स्वच्छ केलेल्या डेकवर वाजवली, तिची दुसरी प्रत केली, दोन्ही ताडून पाहिल्या, तेव्हा लक्षात आले की मावशीचे कान अगदी बरोबर होते, पण आम्ही काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. आवाज डिजिटल झाल्यामुळे बिघडला नव्हता. डिजिटल होण्याआधीच तो वाटेत बिघडला होता.

अॅनालॉग आणि डिजिटल यांची तुलना करताना बहुतेक वेळा आपण दोन तंत्रांची तुलना करतच नाही. एक यंत्र स्वच्छ असते आणि दुसरे मळलेले, एक प्रत मोठ्याने वाजत असते आणि दुसरी हळू, एक मुद्रण मूळ असते आणि दुसरे कोणीतरी नंतर 'सुधारलेले' असते. हे सगळे फरक बाजूला काढल्यावर जे उरते तोच तंत्राचा फरक, आणि तो कसा बाजूला काढायचा याची पद्धत पुढे दिली आहे. त्यासाठी महागडी सामग्री लागत नाही. एक चांगला चालणारा कॅसेट डेक, एक संगणक, चोवीस बिटचे बाहेरून जोडण्याचे साधे साउंड कार्ड, कान झाकणारा हेडफोन, एक मल्टिमीटर आणि मदतीला एक माणूस एवढे पुरे आहे.

दोन्ही तंत्रे मुळात काय करतात

कॅसेटची फीत ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि ती सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने हेडवरून, म्हणजे आवाज उमटवणाऱ्या व वाचणाऱ्या भागावरून, सरकते. फितीवरील लोहकणांच्या लेपावर आवाजाचे चढउतार चुंबकत्वाच्या चढउतारांच्या रूपाने उमटतात. लेपातील कण सुटे सुटे असल्यामुळे त्यांची स्वतःची एक सरसर कायम ऐकू येते. साध्या कॅसेटवर सर्वांत मोठा स्वच्छ आवाज आणि ही सरसर यांतील अंतर साधारण ५० डेसिबलच्या आसपास असते. डिजिटल मुद्रणात आवाजाची उंची ठरावीक अंतराने मोजून आकड्यांत लिहिली जाते. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीवर हे मोजमाप सेकंदाला ४४,१०० वेळा होते आणि प्रत्येक मोजमापाला १६ बिट मिळतात. एका बिटमागे सुमारे ६ डेसिबल असा हिशेब केला, तर १६ बिटांना ९६ डेसिबलचे अंतर मिळते. म्हणजे साध्या कॅसेटवर जे काही आहे ते साठवायला तत्त्वतः आठ-नऊ बिटही पुरेसे ठरतात.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे आवश्यक आहे, कारण तो पुष्कळ जाणत्या माणसांच्याही मनात घट्ट बसलेला असतो. डिजिटल आवाज जिन्याच्या पायऱ्यांसारखा तुटक असतो आणि दोन पायऱ्यांमधले काहीतरी हरवते, असे चित्र काढून दाखवले जाते. प्रत्यक्षात मोजमापाच्या निम्म्या वारंवारतेखालील, म्हणजे सीडीच्या बाबतीत २२,०५० हर्ट्झखालील, कोणत्याही आवाजासाठी त्या बिंदूंमधून जाणारी वक्ररेषा एकच असते, आणि वाजवताना यंत्राच्या बाहेर पडणारी लहर अखंड, गुळगुळीत असते. माणसाचे कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतात आणि वयाबरोबर ही मर्यादा बरीच खाली येते. घरगुती कॅसेटवर तर १२ ते १५ हजार हर्ट्झच्या वर फारसे काही उरलेलेच नसते.

पहिले काम : डेक स्वच्छ करणे आणि हेडचा कोन जुळवणे

या पायरीला मी सर्वांत जास्त वेळ देतो, कारण आमच्या कॅसेटचा घात येथेच झाला होता. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने हेड आणि शेजारची धातूची दांडी पुसून घ्यावी. काडीवर तपकिरी मळ येतो. तो येणे थांबेपर्यंत पुसत राहावे. फीत ओढणारे रबरी चाक ओलसर कापडाने पुसले तरी चालते. कॅसेट बरीच वर्षे उन्हाळ्यात तापणाऱ्या माळ्यावर राहिलेली असेल तर ती लगेच वाजवू नये. आधी तिच्या खिडकीतून फितीवर पांढरी बुरशी नाही ना हे पाहावे, आणि मग ती एकदा पूर्ण पुढे व एकदा पूर्ण मागे फिरवून फितीचा गुंडाळा मोकळा करावा. डेकवर डॉल्बीचे, म्हणजे फितीची सरसर कमी करणाऱ्या यंत्रणेचे, बटण असेल तर ते बंद ठेवावे. घरगुती टेपरेकॉर्डरवर मुद्रण झाले तेव्हा डॉल्बी नसण्याचीच शक्यता जास्त असते, आणि डॉल्बीविना केलेले मुद्रण ते बटण चालू ठेवून वाजवले की वरचे स्वर मंदावतात.

आता हेडचा कोन. हेडमधील बारीक फट फितीच्या कडेला बरोबर काटकोनात असावी लागते. ज्या यंत्रावर मुद्रण झाले त्याचा कोन किंचित तिरका असेल, तर वाजवणाऱ्या यंत्राचा कोनही तेवढाच तिरका करावा लागतो. नाहीतर वरचे स्वर कापले जातात. अहिराणी बोलणाऱ्यांना यासाठी एक फार सोयीची खूण उपलब्ध आहे, ती म्हणजे 'शे'. प्रमाण मराठीत जेथे 'आहे' म्हणतात तेथे अहिराणीत 'शे' येते, त्यामुळे बोलण्यात आणि गाण्यात हा 'श' वारंवार कानावर पडतो. कोन चुकलेला असेल तर या 'श'ची धार जाते आणि तोंडावर पदर धरून बोलल्यासारखे ऐकू येते. दुकानातून आलेल्या सीडीवर आजीचा 'शे' जवळजवळ 'हे' झाला होता. मावशीला नेमके हेच खटकले होते, फक्त तिला ते शब्दांत सांगता आले नव्हते.

हेडच्या एका बाजूला स्प्रिंग बसवलेला लहान स्क्रू असतो. तो मूळ कोठे होता याची बारीक खूण नेलपॉलिशने करून ठेवावी, अॅम्प्लिफायर मोनोवर टाकावा, कॅसेट वाजती ठेवून स्क्रू अगदी थोडा, पाव फेऱ्याहूनही कमी, इकडेतिकडे फिरवावा आणि 'श', 'स', 'च' हे उच्चार व टाळांचा नाद सर्वांत लख्ख ऐकू येईल तेथे थांबावे. काम झाल्यावर स्क्रू पुन्हा खुणेवर आणावा, कारण पुढच्या कॅसेटचा कोन वेगळा असू शकतो.

वेगाचाही विचार करावा लागतो. सेलवर चालणाऱ्या यंत्रात सेल उतरत गेले की मुद्रण करताना फीत हळू सरकते, आणि पूर्ण वेगाने वाजवल्यावर आवाज पातळ व घाईचा ऐकू येतो. आमच्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला शेवटी शेवटी आजी लहान मुलीसारखी गाते, त्याचे कारण हेच आहे. वीजजोडणीवर केलेल्या जुन्या मुद्रणात ५० हर्ट्झची घुमघुम उतरलेली असेल तर तिच्यावरून वेगाचा अंदाज बांधता येतो. परंतु त्या काळी आपल्याकडील विजेची वारंवारताच हलत असे, त्यामुळे हा अंदाज ढोबळ मानावा.

प्रत करणे

डेकच्या 'लाइन आउट'मधून वायर साउंड कार्डच्या 'लाइन इन'मध्ये द्यावी. मायक्रोफोनच्या खोबणीत ती देऊ नये, कारण तेथे आवाज फाटतो. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर या कामाला पुरेसे आहे. मूळ प्रत २४ बिट आणि सेकंदाला ९६,००० मोजमापे अशी करावी. ध्वनिसंग्रह जपणाऱ्या संस्थांतही २४ बिटांचीच शिफारस केली जाते. कानाला त्यातील प्रत्येक बिट ऐकू येतो असे नाही. पण पातळी थोडी खाली ठेवून मुद्रण केले तरी काही हरवत नाही, ही मोकळीक त्यामुळे मिळते. सर्वांत मोठा आवाजही उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही अशी पातळी लावावी.

पातळीच्या बाबतीत दोन्ही तंत्रांचा स्वभाव खरोखर वेगळा आहे. फितीवर आवाज मर्यादेबाहेर गेला तर ती तो हळूहळू दाबून घेते, त्यामुळे ढोलाचा घाव किंचित गोलसर होतो आणि पुष्कळांना ते गोडही वाटते. डिजिटल मुद्रणात शून्य डेसिबलच्या वर काही नसते. तेथे लहरीचा माथा सपाट कापला जातो आणि कर्कश तडतड ऐकू येते. ही तडतड ऐकून डिजिटलला नावे ठेवली जातात, पण तो पातळी न पाहता मुद्रण करणाऱ्याचा दोष आहे.

एका तासाची स्टिरिओ प्रत २४ बिट, ९६,००० या दराने सुमारे २ जीबी जागा घेते, तर १६ बिट, ४४,१०० या दराने सुमारे ६३५ एमबी. मूळ प्रतीवर सरसर घालवण्याचे कोणतेही फिल्टर लावू नये. आमच्या सीडीवर कोणीतरी ते सढळ हाताने लावले होते, आणि सरसरीबरोबर आवाजातील श्वासही गेला होता. दोन ओळींच्या मधल्या शांततेत पाण्याखालून आल्यासारखी गुळगुळ तेवढी उरली होती.

या मूळ प्रतीवरून आणखी दोन फाइली तयार कराव्यात, एक १६ बिट, ४४,१०० ची वेव्ह (न दाबलेली फाइल) आणि एक ६४ केबीपीएसची, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिटची, एमपीथ्री. मोबाइलवरून हातोहात फिरणारी गाणी पुष्कळदा अशीच घट्ट दाबलेली असतात, म्हणून तिसरी फाइल मुद्दाम हवी.

पातळी जुळवणे

दोन आवाजांत केवळ एका डेसिबलचा फरक असला तर कानाला तो 'मोठा' म्हणून नव्हे, 'चांगला' म्हणून जाणवतो. त्यामुळे ही पायरी गाळून केलेल्या तुलनेला काही अर्थ उरत नाही. एका कोऱ्या कॅसेटवर ३०० हर्ट्झचा एकसारखा सूर मिनिटभर मुद्रित करावा; हा सूर ऑडॅसिटीत तयार करता येतो. मग त्या कॅसेटचीही आधीच्याच जोडणीतून, एकही बटण न हलवता, डिजिटल प्रत करावी. अॅम्प्लिफायरच्या एका इनपुटला डेक आणि दुसऱ्या इनपुटला संगणकाचे साउंड कार्ड जोडावे. कॅसेटवरचा सूर लावून स्पीकरच्या टोकांवर एसी व्होल्ट मोजावे, नंतर फाइलमधला सूर लावून तेच मोजावे, आणि दोन्ही आकडे एका टक्क्याच्या आत येईपर्यंत संगणकाची पातळी हलवावी. एका डेसिबलचा फरक म्हणजे व्होल्टमध्ये सुमारे १२ टक्के, त्यामुळे एक टक्का म्हणजे डेसिबलच्या दहाव्या भागाहूनही कमी. सूर १,००० हर्ट्झऐवजी ३०० हर्ट्झचा घेण्याचे कारण इतकेच की स्वस्त मल्टिमीटर वरच्या वारंवारतेला चुकीचे आकडे दाखवतात.

न पाहता ऐकणे

आपल्या खानदेशात वैशाखात पंखा-कूलर बंद करून बसणे शक्य नसते, आणि कूलरच्या घरघरीत ५० डेसिबलखालचे बारकावे ऐकू येण्याची आशा करू नये. हा प्रयोग हिवाळ्यात पहाटे, शेतातल्या मोटारी सुरू होण्याआधी करावा किंवा कान पूर्ण झाकणारा हेडफोन वापरावा.

मदतनिसाने ऐकणाऱ्याच्या पाठीमागे बसावे. वीस ते तीस सेकंदांचा एकच तुकडा घ्यावा, कॅसेट आणि फाइल दोन्ही त्याच शब्दापासून सुरू कराव्यात. प्रथम 'एक' म्हणजे कॅसेट आणि 'दोन' म्हणजे फाइल (पहिल्या फेरीत १६ बिटांची, पुढच्या फेरीत एमपीथ्री) हे उघडपणे ऐकवावे. त्यानंतर मदतनिसाने नाणे उडवून ठरवलेल्या क्रमाने सोळा वेळा तोच तुकडा ऐकवावा आणि ऐकणाऱ्याने प्रत्येक वेळी एक की दोन ते कागदावर लिहावे. फाइल वाजत असतानाही डेक फिरता ठेवावा, नाहीतर त्याच्या मोटारीच्या आवाजावरूनच उत्तर कळते. मदतनिसाने मधे बोलू नये आणि 'बरोबर' किंवा 'चूक' असेही सांगू नये.

सोळांपैकी बारा किंवा अधिक उत्तरे बरोबर आली तर फरक खरोखर ऐकू येतो असे मानावे, कारण केवळ अंदाजाने तितकी उत्तरे जुळण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी आहे. आठ-नऊ बरोबर आली तर ते नाणे उडवण्यासारखेच झाले. आमच्या घरी कॅसेट आणि १६ बिटांची प्रत यांत मावशीची सात उत्तरे बरोबर आली आणि कॉलेजात जाणाऱ्या भाच्याची नऊ. ६४ केबीपीएसची एमपीथ्री मात्र भाच्याने सोळापैकी पंधरा वेळा ओळखली. ऐकणाऱ्यांत एक तरुण आणि एक वडीलधारे माणूस असावे. वरचे स्वर तरुण कानांना कळतात, पण उच्चार मूळ माणसासारखा उमटला की नाही, हे त्या माणसाबरोबर राहिलेल्यालाच कळते.

पहिल्या फेरीत फरक ओळखता आला नाही, म्हणजे आपल्या कानांपुरती तरी डिजिटल प्रत कॅसेटइतकीच खरी आहे असे धरून चालता येते. त्यानंतरच्या सगळ्या तुलना, उदाहरणार्थ दोन डेकची किंवा दोन कॅसेटींची, संगणकावर फाइली शेजारी शेजारी ठेवून करायला हरकत नाही. जर फरक ओळखता आला, तर आधी वायर, पातळी आणि साउंड कार्ड तपासावे. बहुधा दोष तेथेच सापडतो.

कान कोठे द्यावा

गाणे 'छान' वाटते का, या प्रश्नाने काही हाती लागत नाही. दोन कडव्यांमधील शांततेत सरसर किती आणि तिचा पोत कसा आहे ते ऐकावे. पावरीसारख्या फुंकून वाजवायच्या वाद्याचा किंवा हार्मोनियमचा लांब स्वर थरथरतो का ते पाहावे. तो थरथरत असेल तर फितीचा वेग हलतो आहे असे समजावे. एखादी ओळ सुरू होण्याच्या क्षणभर आधी तीच ओळ अगदी पुसट ऐकू आली तर गुंडाळ्यातील एका वेढ्याचा ठसा शेजारच्या वेढ्यावर उमटलेला आहे. तो दोष कॅसेटमध्येच आहे आणि चांगल्या प्रतीत तो जसाच्या तसा यायला हवा. घट्ट दाबलेल्या एमपीथ्रीत टाळांचा नाद झणझणीत न राहता फसफसतो, आणि अनेक बायका एकत्र गात असतील तर त्यांचे आवाज एकमेकांत चिकटतात. कानबाईच्या गाण्यात एक बाई पुढे गाते आणि बाकीच्या तिची ओळ उचलतात. त्या उचलण्याच्या क्षणी किती निरनिराळे गळे वेगळे ऐकू येतात ते मोजावे. दर्जाची इतकी कठोर परीक्षा मला दुसऱ्या कोणत्याही तुकड्यात सापडलेली नाही.

ज्यांच्याकडे रेकॉर्ड प्लेअर आहे त्यांना एलपी आणि सीडी ताडून पाहण्याचा मोह होतो. तेथे सावध राहावे. एलपी कापताना खर्ज कमी आणि वरचे स्वर जास्त केलेले असतात व वाजवताना फोनो प्रीअॅम्प ते उलटे करतो. तो नसेल तर तुलना सुरूच होत नाही. शिवाय त्याच गाण्याची सीडी पुष्कळदा वेगळ्या मास्टरवरून (जिच्यावरून प्रती काढतात त्या अंतिम प्रतीवरून), अधिक मोठ्या आणि सपाट आवाजात काढलेली असते, आणि आजच्या कितीतरी नव्या एलपी डिजिटल फाइलवरूनच कापल्या जातात. यांतून दोन आवृत्त्यांपैकी कोणती आवडते हे कळेल, तंत्राबद्दल काही कळणार नाही. तंत्राची तुलना करायची असेल तर एलपीचीच डिजिटल प्रत करावी आणि वरील पद्धतीने तिला मूळ एलपीशी ताडावे.

तुलना झाल्यावर

प्रत चांगली निघाली म्हणून कॅसेट टाकून देऊ नये. उद्या अधिक चांगला डेक मिळाला तर तिच्यातून आणखी काही निघू शकते. तिच्या वरच्या कडेचे दोन्ही प्लॅस्टिकचे तुकडे मोडून टाकावेत म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे मुद्रण होणार नाही, फीत एका बाजूला पूर्ण गुंडाळावी, आणि कॅसेट माळ्यावरून खाली आणून आतल्या खोलीतील कपाटात, स्पीकरपासून दूर, उभी ठेवावी. कॅसेटवरून कॅसेट करताना दर प्रतीगणिक सरसर वाढत जाते. वेव्ह फाइलची शंभरावी प्रतही पहिलीसारखीच असते, पण डिस्क एका क्षणात बंद पडते, म्हणून फाइल किमान दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत असावी.

फाइलसोबत एक लहान मजकूर जोडावा. त्यात गाव, सण, अंदाजे वर्ष, कोणत्या डेकवर वाजवली, स्क्रू मूळ खुणेपासून कोणत्या दिशेला किती फिरवावा लागला आणि दुसऱ्या बाजूचा वेग किती दुरुस्त केला, हे सगळे लिहून ठेवावे. त्यानंतर घरातील सर्वांत वयस्कर बाईला शेजारी बसवून प्रत सुरुवातीपासून वाजवावी आणि मोबाइलवर तिचे बोलणे मुद्रित करत जावे. आमच्या मावशीने पहिल्याच गाण्यात सात जणींचे आवाज नावानिशी ओळखले, आणि मागे रडणारे तान्हे बाळ मीच होतो हेही तिनेच सांगितले.